1 जानेवारीला सिगारेट सोडायची असेल, तर कामाला डिसेंबरातच लागा

मी भोसरी एमआयडीसीत टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर काम करतो. 21 वर्षं सिगारेट ओढली. 2019 पासून सलग चार वर्षं 1 जानेवारीला सोडली आणि चारही वेळा पुन्हा धरली. त्यातल्या त्यात जास्त टिकली ती नऊ दिवस. पाचव्या खेपेला, 2023 च्या जानेवारीत सुटली, ती आजपर्यंत.

त्या चार वेळा माझं मन कच्चं होतं आणि पाचव्या वेळी पक्कं झालं, असं काही नाही. आधीच्या चारही वर्षी मी 31 तारखेच्या रात्री मित्रांबरोबर बसलो, बारा वाजता उरलेलं पाकीट चुरगळून टाकलं आणि सकाळी काहीच तयारी नसताना तलफेच्या समोर उभा राहिलो. पाचव्या वर्षी 5 डिसेंबरपासून तयारीला लागलो. पूर्ण एक महिना. ज्याला या जानेवारीत खरंच सोडायची आहे, त्याच्यासाठी तो महिना कसा घालवला ते सांगतो.

माझे वडील बिडी ओढायचे. शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं झोपता यायचं नाही. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि भिंतीला उशी लावून बसून झोपायचे. ते बघूनसुद्धा मी बाहेर अंगणात जाऊन सिगारेट पेटवत होतो. म्हणून सांगतो, नुसत्या भीतीनं सुटत नाही. भीती सगळ्यांनाच असते.

पहिलं काम: एक छोटी डायरी

खिशात मावेल अशी डायरी आणि पेन घ्या. सात दिवस एकही सिगारेट कमी करू नका, फक्त प्रत्येक सिगारेट लिहा. पेटवायच्या आधी लिहायची, नंतर नाही. किती वाजता, कुठं, कोणाबरोबर, आणि तलफ किती होती ते 0 ते 3 मध्ये.

माझ्या डायरीतलं एक पान असं आहे:

5.20 – घरी, गॅलरीत, चहाबरोबर – 3
6.40 – गेटवरची टपरी, पंच करायच्या आधी – 1
9.10 – टी ब्रेक, मागच्या शेडजवळ – 2
9.20 – तिथंच. जोडीदारानं दुसरी पेटवली म्हणून – 0
12.30 – जेवणानंतर – 3
2.15 – जॉब (मशीनवर केलेला पार्ट) रिजेक्ट झाला, सुपरवायझर बोलला – 2
3.40 – सुटल्यावर, गाडी काढायच्या आधी – 1

सात दिवसांत 78 सिगारेटी झाल्या. त्यातल्या 41 पुढं 0 किंवा 1 होता. अर्ध्याहून जास्त सिगारेटी मी तलफ नसताना ओढत होतो. समोरच्यानं पुढं केली, ब्रेक झाला, गाडी काढायची होती, एवढीच कारणं. खरी तलफ, 3 आकडा असलेली, फक्त 19 वेळा. दिवसाला दोन किंवा तीन. तो आकडा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. 78 सिगारेटींशी झुंजायचं नव्हतं. झुंज फक्त त्या 19 शी होती, बाकीच्या टाळायला मी बसायची-उभं राहायची जागा बदलली की पुरत होतं.

नंतरच्या आठवड्यात मी 0 वाल्या सोडल्या. पण कमी करत करत आपोआप बंद होईल, या भरवशावर राहू नका. अकराच्या चार केल्या की माणूस त्या चारच खोल ओढतो, थोटकापर्यंत ओढतो, आणि शरीर आपलं निकोटीन वसूल करून घेतं. ‘लाइट’ सिगारेटचंही तेच. तारीख ठरवायची आणि त्या तारखेला शून्य.

तारीख तुमच्या सोयीची घ्या

माझा संकल्प 1 तारखेचा होता, पण सोडली 5 तारखेला. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. 1 जानेवारी 2023 ला रविवार होता, म्हणजे कामाचा दिवस, आणि आदल्या रात्री दारूची बैठक. दारू पोटात असताना सिगारेटला नाही म्हणणं माझ्या अनुभवात जवळजवळ अशक्य आहे. म्हणून पहिला गुरुवार धरला, शुक्रवार-शनिवारची रजा टाकली. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होतो हे मला आधीच्या चार वेळांवरून माहीत होतं. ते दिवस मशीनवर काढायचे नव्हते.

1 तारखेलाच करायचं असेल तर जरूर करा, पण मग 31 ची रात्र घरी काढा. त्या एका रात्रीसाठी मित्र कायमचे तुटत नाहीत.

डॉक्टरांकडे डिसेंबरातच जा

हे मी चार वर्षं केलं नाही, कारण मला वाटायचं की व्यसन आहे, आजार थोडाच आहे. झुरका घेतला की 10 ते 20 सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. मग शरीर पुन्हा मागतं. त्या मागण्यावर औषधं आहेत, आणि ती घेण्यात कमीपणा काही नाही. ताप आल्यावर आपण नुसत्या मनाच्या बळावर पडून राहत नाही.

काही गोळ्या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि त्या सोडायच्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू कराव्या लागतात. म्हणजे 1 जानेवारीच्या सकाळी डॉक्टरांकडे गेलात तर उशीर झालेला असतो. हृदयाचा त्रास, फिट्स, गरोदरपण, मनाच्या आजाराची औषधं यातलं काही असेल तर आधी सांगा. मधुमेहाची औषधं चालू असतील तरी सांगा, सिगारेट सुटल्यावर डोस बदलावा लागू शकतो.

मला निकोटीनचं च्युइंगम दिलं. ते कसं चघळायचं हे मात्र नीट समजून घ्या. दोन वर्षं आधी मी ते मेडिकलमधून स्वतःच आणलं होतं, साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं, घसा जळला, उचक्या लागल्या, आणि ‘आपल्याला हे चालत नाही’ म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. चूक माझी होती. ते हळू चावायचं असतं. दहा-पंधरा वेळा चावलं की तोंडात मिरी चावल्यासारखी झणझण येते. ती आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि जागा बदलायची. असं साधारण अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून जातं, पोटातून नाही, म्हणून लाळ सारखी गिळत बसायचं नाही. आधीची 15 मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, सोडा काही नको, नाहीतर ते लागू पडत नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरून किती ताकदीचं द्यायचं ते ठरतं.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथं विचारा. आणि 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर पाकिटावरच छापलेला असतो. मी रोज हातात धरत होतो आणि कधी वाचला नव्हता. तिथं समुपदेशक बोलतात, तारीख ठरवून देतात, पुन्हा फोन करतात. अनोळखी माणसाशी काय बोलायचं असं मलाही वाटलं होतं. पण घरच्यांपुढं लाजेनं सांगता येत नाही ते त्यांना सांगता आलं.

टपरीची उधारी

बुधवारी, 4 तारखेला, सेकंड शिफ्टला जायच्या आधी मी गेटवरच्या अण्णांकडं गेलो. त्यांच्या टपरीला दोरीनं लायटर बांधलेला असतो, लांब पिवळा. हात सवयीनं त्याच्याकडंच गेला. खात्यावर 1,340 रुपये होते. ते दिले आणि म्हणालो, “अण्णा, माझं पान फाडून टाका. उद्यापासून मला द्यायची नाही, मागितली तरी.”

त्यांनी वही काढली, माझं पान शोधलं, फूटपट्टी लावून सरळ फाडलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, “चहाला येत जा.”

ते पान माझ्या डायरीत अजून आहे. उधारी असेल तर ती मिटवाच. खातं चालू आहे तोवर सिगारेट पैसे न देता मिळते, आणि तलफेच्या वेळी एवढा एक रस्ता उघडा असला तरी पुरतो. तीच गोष्ट सुट्या सिगारेटची. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, तरी मिळते. मी चारही वेळा ‘एकच दे’ म्हणून परत लागलो, अख्खं पाकीट घेऊन एकदाही नाही.

त्याच रात्री घर साफ केलं. गाडीच्या डिकीतला लायटर, कपाटावरची काडेपेटी, गॅलरीतल्या कुंडीतली थोटकं. जॅकेट आणि हेल्मेटचं अस्तर धुवायला टाकलं. नाक दोन-तीन दिवसांत तिखट होतं आणि मग जुन्या जॅकेटचा वाससुद्धा तलफ उठवतो.

घरच्यांना आधी सांगा, आणि काय बोलायचं नाही तेही सांगा

बायकोला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिला आठवडा मी चिडचिड करीन, ती तुमच्यावर नाही. आणि “परत ओढलीत का?” असं वास घेऊन विचारायचं नाही, मीच सांगीन. ती म्हणाली, “मग मी काय करू ते सांगा.” मी म्हटलं, माझा चेहरा तसा दिसला की मला खाली चालायला ने. तिनं पहिल्या चार दिवसांत मला किती वेळा “अहो, चला, एक चक्कर मारून येऊ” म्हटलं असेल! स्वयंपाक अर्धवट ठेवून आली.

तरी तिसऱ्या दिवशी मी मुलीवर ओरडलो. कंपासपेटी जमिनीवर पडली, एवढंच झालं होतं. ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मी जाऊन तिची माफी मागितली आणि हे का होतंय ते तिला समजावून सांगितलं. मुलं लहान असली तरी त्यांना सांगा. नाहीतर बाबा आपल्यावरच रागावलेत असं त्यांना वाटत राहतं.

पहिले तीन दिवस

तलफ लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. ओढली नाही तरी ओसरते, हे मला 21 वर्षांत कधी कळलंच नव्हतं, कारण मी तिला ओसरू दिलंच नव्हतं. म्हणून घड्याळ बघायचं. 5.20 ला आली, 5.30 पर्यंत थांबायचं, बस्. तेवढ्यात ग्लासभर पाणी घोट घोट प्यायचं, दहा खोल श्वास घ्यायचे, जागा सोडायची. बसलेले असाल तर उठा, गॅलरीत असाल तर आत या. मी डायरीत वेळ लिहायचो. पहिल्या दिवशी 14 तलफा, दुसऱ्या दिवशी 17, तिसऱ्या दिवशी 15, सातव्या दिवशी 6.

डोकं दुखतं, झोप मोडते, भूक वाढते, कधी तोंड येतं, खोकला आधीपेक्षा वाढतो. यातलं बरंचसं दोन ते चार आठवड्यांत निवळतं. पण खोकल्यातून रक्त पडलं किंवा वजन कारण नसताना उतरायला लागलं, तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा.

चहाबद्दल वेगळं सांगायला हवं. सिगारेटच्या धुरामुळं शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर जाळतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा जास्त चढतो. छातीत धडधड होते, हात थरथरतात, रात्री झोप येत नाही, आणि माणसाला वाटतं हे सिगारेट सोडल्यामुळंच होतंय. मी दिवसाला सहा कप प्यायचो, ते तीन केले. त्या रात्रीपासून झोप लागली.

आणि सकाळचं पोट. याबद्दल कोणी बोलत नाही, पण सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही म्हणून परत लागलेले तीन जण तरी माझ्या ओळखीत आहेत. निकोटीन आतड्यांना ढकलतं, ते बंद झालं की बद्धकोष्ठ होतं. उठल्या उठल्या दोन ग्लास कोमट पाणी, रात्री इसबगोल, रोज पपई किंवा पेरू. जानेवारीत पेरू-गाजरं भरपूर असतात, हाताला आणि तोंडालाही काम मिळतं. मला दहा दिवस लागले, मग घडी बसली.

ब्रेकची जागा

शनिवार संपला, रविवारी कामावर गेलो. डायरीतल्या मागच्या शेडकडं पाय वळायचे. मी टी ब्रेकला कॅन्टीनच्या दुसऱ्या टोकाला, जिथं फोर्कलिफ्टवाले बसतात तिथं बसायला लागलो. पहिल्या महिन्यात जोडीदारांना सोडून वेगळं बसणं जिवावर येतं. पण त्यांना नीट सांगितलं की समजतात. सांगायचं ते “सोडायचा प्रयत्न चाललाय” असं नाही. त्यावर लोक म्हणतात, बघू किती दिवस, घे एक झुरका. “मी ओढत नाही” एवढंच सांगायचं.

जेवणानंतरच्या सिगारेटवर मला एकच उपाय लागू पडला: शेवटचा घास संपला की लगेच उठून डबा धुवायचा आणि दात घासायचे. ब्रश लॉकरमध्ये ठेवला होता.

धूर सोडून चघळायला लागू नका

याबद्दल मला फार वाटतं. आपल्या महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त आहेत, आणि सिगारेट सोडली की शेजारचा माणूस मायेनं तंबाखू-चुना मळून पुढं करतो. मावा, गुटखा, नुसती तंबाखू, सगळ्यात तेच निकोटीन आहे, आणि त्यातून तोंडाचा कॅन्सर होतो. सुपारी बिनतंबाखूची असली तरी नको, तीही कॅन्सर करते. ई-सिगारेट तर 2019 पासून देशात बंद आहे. तोंडात काही हवंच असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेले चणे.

मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. माझी आई पन्नास वर्षं लावत आली. मी सोडल्यावर दोन महिन्यांनी तिनं मला पाकिटावरचा तोच मोफत नंबर लावून द्यायला सांगितलं. ती अजून पूर्ण सुटलेली नाही, चार वेळांची एक वेळ झाली आहे. तुमच्या घरात कोणी मिश्री लावत असेल तर तिलाही बरोबर घ्या.

एक ओढली गेली तर

एकोणिसाव्या दिवशी गावाकडं मावसभावाची हळद होती. डीजे, रात्रीचे साडेअकरा, सगळे भाऊ गोठ्यामागं उभे. कोणीतरी पेटवलेली सिगारेट माझ्या हातात दिली आणि मी ती अर्धी ओढली. चक्कर आली, तोंडाला घाण चव आली, आणि मग डोक्यात आलं की गेलं सगळं, आता उरलेली रात्र मोकळी.

आधीच्या चारही वेळा मी इथंच हरलो होतो. अर्ध्या सिगारेटनं नाही, तर ‘आता काय राहिलंय’ या विचारानं. यावेळी ती विझवली, तिथून निघून ओट्यावर आईशेजारी जाऊन बसलो. डायरीत लिहिलं: 11.30, गोठ्यामागं, भावांबरोबर, तलफ 1. आणि सकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आज तर नाही ना ओढायची? मग झालं.” मोजणी एकोणिसावरून पुन्हा शून्यावर आणली नाही. पुढचा दिवस विसावा धरला.

लग्न, यात्रा, दुखवटा, पगाराचा दिवस. या चार ठिकाणी पहिलं वर्षभर जपा. जाण्याआधीच ठरवा की कोणाशेजारी बसायचं.

पैसे दिसतील अशा ठिकाणी टाका

रोज 11 सिगारेटी, तेव्हा 18 रुपयांना एक, म्हणजे दिवसाला 198 आणि महिन्याला 5,940 रुपये. नुसते वाचले म्हणून सोडले तर ते कुठं जातात कळत नाही. मी पोस्टात 5 वर्षांचं आवर्ती ठेवीचं खातं काढलं, महिन्याला 5,000 चं, मुलीच्या शिक्षणासाठी. वरचे 940 दर महिन्याला आम्ही तिघं बाहेर जेवतो त्याला. ते जेवण मुलगी ठरवते.

वजन माझं पहिल्या वर्षात चार किलो वाढलं. बऱ्याच जणांचं वाढतं. त्याला घाबरून परत ओढायला लागू नका. मी संध्याकाळी अर्धा तास चालायला लागलो आणि त्यातलं निम्मं उतरलं. शरीर मात्र लगेच कामाला लागतं: रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. आमची खोली चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मार्चमध्ये एकदा गॅसची टाकी घेऊन चढलो आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावर थांबायचं राहून गेलं.

आणखी एक, कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी फार घाबरलो होतो. सिगारेट सुटल्यावर काही महिने स्वप्नं पडतात. स्वप्नात आपण टपरीवर उभं राहून निवांत ओढत असतो, आणि घामाघूम होऊन जाग येते की अरे, आपण हे काय केलं. मला मेपर्यंत पडायची. पुष्कळांना पडतात. त्याचा अर्थ आतून ओढायची इच्छा आहे असा लावू नका. दिवा लावा, पाणी प्या, बोटांचा वास घेऊन बघा, आणि परत झोपा.